मदत हवी आहे: दहावी, भिंगाचं गणित

मुलगी दहावीला आहे, स्टेट बोर्ड मराठी मिडियम. बहिर्गोल भिंग, नाभीय अंतर (f) १५ सेमी, ५ सेमी उंचीची वस्तू २० सेमी अंतरावर, प्रतिमा कुठे आणि केवढी असं गणित आहे. मी वस्तूचं अंतर u = −२० धरून १/v − १/u = १/f मध्ये टाकलं तर प्रतिमेचं अंतर v = ६० आलं, प्रतिमा १५ सेमी उंच आणि उलटी, हे पटतं पण ती आरशाचं १/v + १/u वालं सूत्र लावते आणि ८.५७ आणते, वर मलाच विचारते की आरशाला प्लस मग भिंगाला मायनस का, आणि वस्तूचं अंतर मायनस असतंच कसं?? पाठ कर म्हटलं की चिडते, बरोबरच आहे म्हणा. कुणी शिक्षक असाल तर आकृती काढून कसं समजवायचं सांगा ना प्लीज, सोमवारी टेस्ट आहे