वडिलांची पूजेची पाळी: मुलीचा वारसा आणि भावकीबाहेर लिहून दिलेला हक्क

प्रश्न (गुरवकन्या):
आमच्या गावच्या महादेव मंदिराची गुरवकी पिढ्यान्‌पिढ्या आमच्या भावकीत असून चार घरांना तीन-तीन महिन्यांची पाळी येते. ज्या घराची पाळी, त्याने पहाटे पिंडीला पाणी घालायचे, बेल वाहायचा, सांजवात लावायची आणि त्या काळातला शिधा व दक्षिणा घ्यायची, असा रिवाज आहे. वडील मृत्युपत्र न करता वारले. मला भाऊ नाही, आई आणि मी दोघीच वारस आहोत. पाळी मुलीकडे जात नाही, असे चुलतभाऊ सांगतात. त्यातच एका चुलत्यांनी आपली पाळी पैसे घेऊन भावकीबाहेरच्या गृहस्थांना साध्या मुद्रांकावर लिहून दिली आहे. या दोन्ही गोष्टी कायद्याला धरून आहेत का?

उत्तर १ (दिवाणी वकील):
चुलतभावांचे म्हणणे मला मान्य नाही. अंगुरबाला मलिक खटल्यात (1951) सर्वोच्च न्यायालयाने देवाच्या सेवेच्या अधिकारात पद आणि मिळकत दोन्ही मिसळलेली आहेत, असे ठरवून स्त्रीचा वारसा मान्य केला. पुढे राजकली कुंवर खटल्यात (1955) प्रश्न थेट वंशपरंपरागत पुजारीपदाचा होता, आणि तिथेही स्त्री वारसाने ते पद घेऊन प्रत्यक्ष पूजा योग्य प्रतिनिधीकडून करवून घेऊ शकते, असा निर्णय झाला. म्हणून मूळ सनदेत किंवा सिद्ध झालेल्या रूढीत वेगळा क्रम नसेल, तर 1956 च्या वारसा कायद्याप्रमाणे तुम्ही आणि आई दोघीही वारस ठरता. मात्र ‘आमच्यात अशीच चाल आहे’ एवढे बोलून रूढी सिद्ध होत नाही. ती सांगणाऱ्याला पुराव्याने शाबीत करावी लागते.

उत्तर २ (जुना वाचक):
चुलत्यांच्या व्यवहाराबद्दल लिहितो. मंचाराम विरुद्ध प्राणशंकर या 1882 च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने वारसाच्या ओळीत असलेल्या पात्र व्यक्तीला असे पद देणे ग्राह्य मानले होते. परंतु भावकीबाहेर पैसे घेऊन देणे वेगळे. काली किंकर गांगुली खटल्यात (1974) सर्वोच्च न्यायालयाने सेवेचा हक्क विकता येत नाही, हे स्पष्ट केले आणि विक्री देवाच्या हिताची होती हा बचावही नाकारला. माझ्या मते हे योग्यच आहे, कारण पाळीत देवाची सेवा आधी आणि उत्पन्न नंतर येते. सेवा करणारा कोण असावा, हे बोलीच्या रकमेवर ठरू लागले तर देवस्थानाला अर्थच उरणार नाही. शिवाय रामरतन विरुद्ध बजरंगलाल (1978) या निकालाप्रमाणे पाळीचा हक्क स्थावर मिळकतीत मोडत असल्याने नोंदणी नसलेल्या मुद्रांकाचा आधार आणखी लंगडा पडतो.

उत्तर ३ (देवस्थानाचे काम पाहणारा):
ताई, आधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून मंदिराच्या न्यासाचा परिशिष्ट १ चा उतारा काढा आणि त्यातला विश्वस्त व व्यवस्थापक यांच्या वारसाच्या पद्धतीचा रकाना नीट वाचा. मंदिराला इनाम जमीन असेल, तर तिची गल्लत पाळीशी करू नका. ती देवाची असते आणि पुजारी मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये मध्य प्रदेशातील प्रकरणात पुन्हा सांगितले आहे. विधिमंडळ असे वंशपरंपरागत हक्क संपवूही शकते: पंढरपुरात 1973 च्या कायद्याने बडवे आणि उत्पात यांचे हक्क गेले आणि 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही बडव्यांना यश आले नाही. तुमच्या मंदिराला असा विशेष कायदा लागू नसेल, तर हक्क ठरवून घेण्यासाठी आणि चुलत्यांच्या दस्ताला आव्हान देण्यासाठी वकिलांच्या सल्ल्याने दिवाणी दावा करा. तोपर्यंत वडिलांच्या पाळीचे महिने मोकळे जाऊ देऊ नका; भावकीतल्या जाणत्या माणसाला लेखी नेमून पूजा तुमच्या नावाने चालू ठेवा आणि दक्षिणेचा हिशेब वहीत लिहा, कारण वहिवाट तुटली की तीच गोष्ट समोरचा पक्ष तुमच्याविरुद्ध मांडतो.