सिविकचा मागचा वरचा आर्म कापून ॲडजस्टेबल करू का?

करवीर_सिविक
२०१० ची सिविक आहे. आधीच्या मालकानं बुटक्या स्प्रिंगा टाकून गाडी खाली बसवलीय. मागचे टायर बाहेरून नवे दिसतात, आतली कड मात्र पार गुळगुळीत. अलाइनमेंटच्या कागदावर मागचा कॅम्बर (चाकाचा उभा कल, उणे म्हणजे वरचा भाग आत झुकलेला) उणे २.६ आणि उणे २.४ अंश. मागं टोसाठी (चाकाचं तोंड आत-बाहेर किती वळलंय ते) बोल्ट आहे, कॅम्बरला काहीच नाही. उद्यमनगरातला ओळखीचा टर्नर म्हणतोय, वरचा आर्म (चाकाला वरून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा) मधे कापून आट्यांचा तुकडा वेल्ड करून देतो. करावं का?

लेथवाला
कापून वेल्ड अजिबात करू नका, दादा. आर्म दाबीव पत्र्याचा असेल तर वेल्डच्या कडेलाच तडा धरतो, आणि मागचा आर्म वळणावर तुटला तर गाडी हातात राहत नाही. करायचाच तर अख्खा नवा करा. जाड सीमलेस पाइप, एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे, दोन्हीकडं चेक नट (लांबी हलू नये म्हणून आवळायचे). मग आर्म न खोलता नुसता पाइप फिरवला की लांबी बदलते. सगळ्यात लांब सेटिंगलाही आटे व्यासाच्या दीडपट आत हवेत, म्हणजे १६ मिमीच्या बोल्टला २४ मिमी. टोकाला रबर बुशच (धातूच्या नळीभोवती रबर असलेला सांधा) ठेवा. रोझ जॉइंट (रबर नसलेले, धातूच्या गोळीचे सांधे) रेसच्या गाडीला ठीक, आपल्या चिखलात लवकर खडखडायला लागतात.

पण टोचा आकडा कुठाय? एवढ्या कॅम्बरवर टो बरोबर असेल तर टायर बऱ्यापैकी चालतो. टो बिघडला की चाक तिरकं घासत जातं आणि कॅम्बरमुळं ते सगळं आतल्या कडेवर येतं.

पुणेरी_अलाइनमेंट
लांबीचा अंदाज देतो. वरच्या-खालच्या सांध्यांत उभं अंतर ३०० मिमी असेल तर आर्म ५ मिमी लांबवल्यावर कॅम्बर साधारण १ अंश कमी होतो. चाकाचा वरचा भाग तेवढा बाहेर येणार, तेव्हा फेंडरची जागा बघा. आधी मागचा कॅम्बर, मग मागचा टो, पुढची चाकं शेवटी. आणि बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळा, हवेत आवळले की रबर कायम पिळलेलं राहतं आणि फाटतं.

करवीर_सिविक
कागद पुन्हा काढला. मागं दोन्हीकडं टो-आउट आहे, म्हणजे चाकांची तोंडं बाहेर, डावीकडं जास्त. सेंटरवाला म्हणाला होता बोल्ट फिरत नाही.

लेथवाला
मग तुमचे टायर तिथंच चाललेत. बोल्ट बुशच्या नळीत गंजून धरलाय. गॅसनं तापवू देऊ नका, रबर जळतं. दोन्ही बाजूंचे बोल्ट-बुश नवे टाका, ग्रीस लावून बसवा, टो किंचित आत घ्या. नव्या टायरवर पाच हजार किलोमीटर चालवून आतली कड हातानं चाचपा. तरी खात असेल तर आर्मचं माप घेऊन या, ड्रॉइंग मी काढून देतो.