पोरं नर्सिंग का सोडतात, ते एकदा पोरांना विचारा

आयसीयू ब्रदर
काल सोलापुरातल्या एका हॉस्पिटल चालवणाऱ्या साहेबांनी लिहिलं, "मुलगे नर्सिंगला येतात, वर्षभर अनुभव घेतात आणि पळतात. बायकांचं काम करायची लाज वाटते त्यांना. आम्ही आता मुलीच घेतो." खाली सगळे माना डोलावत होते. उत्तर लांब आहे, वाचा.

साहेब, मी ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स. लाज वाटली असती तर तीन वर्षं घालवून जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, केलंच नसतं. बेडपॅन दिला, सक्शन लावून कफ काढला, नाकातल्या नळीतून आरटी फीड दिलं, बेडसोर झालेल्या माणसाची पाठ दर दोन तासांनी फिरवली. लाज कधी वाटली नाही. नोकरी सोडावीशी वाटते ती पगाराच्या तारखेला. पंधरा हजार हातात येतात. जुळे सोलापुरात दोन खोल्यांचं भाडं, गाडीचा हप्ता, आईची औषधं, पुढे काय राहतं? सुप्रीम कोर्टाच्या 2016 च्या आदेशावरून समिती नेमली होती. तिनं सांगितलं, 50 ते 100 खाटांच्या खासगी हॉस्पिटलात नर्सचा पगार सरकारीपेक्षा फार तर 25 टक्के कमी असावा. राज्य सरकारच्या स्टाफ नर्सचं मूळ वेतन 35,400 पासून सुरू होतं. नुसत्या मूळ वेतनाचा हिशेब धरला तरी 26,550 होतात. आमचं हॉस्पिटल त्याच गटातलं आहे.

पगाराशिवाय दुसरंही आहे. दुसऱ्या मजल्यावर दीडशे किलोचा पॅरालिसिसचा पेशंट शिफ्ट करायचाय, बोलवा ब्रदरला. नातेवाईक दारू पिऊन आलेत, पाठवा ब्रदरला. माझे तीन पेशंट व्हेंटिलेटरवर असतात तेव्हा त्यांच्याकडे कोण बघतं? मागच्या वर्षी रात्री मला कॉलर धरून भिंतीवर आपटलं. डॉक्टर-हॉस्पिटलवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्याचा 2010 चा कायदा आहे, त्यात नर्सवरच्या हल्ल्यालाही तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तक्रार देऊ नकोस, हॉस्पिटलचं नाव खराब होईल, असं मलाच सांगितलं.

वीस खाटांचा डॉक्टर
ते लिहिणारा मी नव्हे, पण दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी. माझं छोटं हॉस्पिटल आहे. सरकारी योजनेतले पेशंट घेतो, पैसे कधी जमा होतील त्याचा भरवसा नाही. नवीन पोराला व्हेंटिलेटर सेटिंग, एबीजी म्हणजे रक्तातल्या वायूंची तपासणी, इन्फ्युजन पंप सगळं शेजारी उभं राहून शिकवतो. हात बसला की पुण्याहून फोन येतो आणि सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज, "सर उद्यापासून येणार नाही." रात्रपाळीला मी कुणाला उभं करू? तुमचं दुःख खरं आहे, पण असं अर्ध्यात सोडून जाणंही बरोबर नाही.

आयसीयू ब्रदर
डॉक्टर, 50 पेक्षा कमी खाटा असल्या तरी 20,000 च्या खाली नको, हेही त्याच समितीनं म्हटलंय. तुम्ही किती देता?

वीस खाटांचा डॉक्टर
ती शिफारस आहे. मला किती परवडतं ते समितीनं येऊन बघितलं नाही.

सेवा हाच धर्म
सगळं पगारावरच आणायचं असेल तर बोलणं खुंटलं. हे डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं गाव आहे. 1938 मध्ये चीनला गेले, 1942 मध्ये तिथंच वारले, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. त्यांनी पगार विचारला होता का?

आयसीयू ब्रदर
कोटणीसांचं नाव पुढे करून आमचा पगार कापू नका. ते युद्धात जखमी झालेल्यांसाठी गेले होते. माझ्या हॉस्पिटलात डिलक्स रूमचं बिल लागतं. आणि त्यांच्या पत्नी ग्वो छिंगलान नर्स होत्या, हेही कधीतरी भाषणात सांगत जा.

सरकारी सिस्टर
मला त्या "आम्ही आता मुलीच घेतो" वर बोलायचंय. मुली काय सेवाभावानं टिकतात असं वाटतं का त्या साहेबांना? मुलगी कमी पगारात हो म्हणते, कारण घरातून दुसरीकडे जाऊ देत नाहीत. पोटुशी राहिली की तिलाच "घरी बस" म्हणतात. मी सरकारीत लागायच्या आधी खासगीत असताना मला तेच सांगितलं होतं. आणि ब्रदर, जड पेशंट फक्त तुम्हीच उचलता असं लिहू नका. माझ्या कंबरेचा एमआरआय दाखवू का?

बार्शीकर
सिस्टर, तुमचं झालं. सरकारी नोकरी मिळाली, बोला आता. एम्सनं 2019 मध्ये ठरवलं, नर्सिंग ऑफिसरच्या 80 टक्के जागा बायकांना, 20 टक्के पुरुषांना. माझ्या मागे असलेल्या मुलीची निवड झाली, मी घरी. लष्करी नर्सिंग सेवेचं तर 1943 च्या वटहुकमानं पुरुषाला दारच बंद केलं होतं. आणि वर म्हणायचं, पोरं सोडून जातात!

सरकारी सिस्टर
माझं "झालं"? सात वर्षं खासगीत घासून मग लागले. नाईट करून अभ्यास केलाय. 80:20 आहे कारण निम्म्या वॉर्डात बायका पेशंट असतात, लेबर रूम असते. तुझ्या बहिणीची डिलिव्हरी तू कुणाकडून करून घेशील?

बार्शीकर
गायनॅकचा डॉक्टर पुरुष चालतो, ब्रदर चालत नाही. हा कुठला न्याय?

आयसीयू ब्रदर
यावर मला सांगायचंय. रात्री एक आजी छातीत दुखतंय म्हणून आल्या. ईसीजी लावायला गेलो तर सुनेनं पडदा घट्ट धरला, "बाईमाणूस पाठवा." फ्लोअरवर दोघंच स्टाफ, सिस्टर वरच्या मजल्यावर कोडमध्ये, म्हणजे हृदय बंद पडलेल्या पेशंटजवळ. मी दाराशी उभा, हातात लीड्स. शेवटी आजीच म्हणाल्या, "लेकरा, लाव तुझं ते, जीव चाललाय माझा." अटॅकच होता. तेवढी मिनिटं गेली ती कुणाच्या हिशेबात धरायची? म्हणून स्त्री स्टाफ प्रत्येक पाळीला हवा, हे मलाही मान्य. पण त्यासाठी शंभरातल्या ऐंशी जागा कशाला?

सरकारी सिस्टर
पुरुष पेशंटला कॅथेटर आम्ही घालतो तेव्हा कुणी पडदा धरत नाही. कुणी विचारतही नाही आम्हाला कसं वाटतं. आणि ते घालताना पेशंट काय काय बोलतात ते इथं लिहिता येणार नाही. तुम्हा दोघांना फक्त जागा दिसतात.

बार्शीकर
मग त्या कॅथेटरसाठी तरी पुरुष घ्या की! हेच तर म्हणतोय मघापासून.

सरकारी सिस्टर
आवाज खाली. धाग्यावर ओरडून जागा वाढत नाहीत.

विडी घरकुलचा बाप
मालक, तुमी 80 का 20 ते नंतर भांडा. माजा पोरगा नर्स हाय. मी टॉवेलच्या कारखान्यात मागावर काम करून त्याला शिकवलो. त्यो जिथं लागला तिथं ओरिजनल सर्टिफिकेटं ठेवून घेतले. दुसरीकडं इंटरव्ह्यू आला तर देईनात. दोन वर्सं भरा नाय तर पैशे भरा म्हणालेत. बँकेत गहाण ठेवल्यासारकं पोरगं ठेवलंय. आता रात्री ड्युटीवरनं येऊन मोबाईलवर जर्मन शिकालाय. त्या भाषेची बी-टू परीक्षा पास झाली की तिकडं घेत्यात म्हणतो. 2024 ला आपल्या सरकारनं त्या जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यासंगं करार केलाय म्हणं. मला त्यानं जाऊ नये वाटतंय. पर थांब म्हणायला तोंड नाय.

वीस खाटांचा डॉक्टर
काका, खरं सांगतो, सर्टिफिकेटं मीही ठेवतो. नाही ठेवली तर आठ दिवसांत पोरं पसार होतात.

बार्शीकर
घ्या! आणि हे आम्हाला सांगणार, अर्ध्यात सोडून जाऊ नका. दुसऱ्याचा कागद कुलपात ठेवता, मग तो चुपचाप पळणार नाही तर काय आरती करून जाईल?

वीस खाटांचा डॉक्टर
तोंड सांभाळून बोल. मी कुणाचे पैसे बुडवलेले नाहीत.

आयसीयू ब्रदर
डॉक्टर, पैसे बुडवले असं कुणी म्हणालं नाही. कागद त्याचा आहे, एवढंच. माझ्या बॅचचे जे टिकलेत ते कुठं टिकलेत सांगू? जिथं वॉर्डचा इन्चार्ज करू म्हणाले आणि केलं, जिथं मारहाण झाल्यावर डॉक्टर स्वतः पोलीस ठाण्यात आले. तिथं पगार फार नाही, तरी पोरं आहेत. बाकीचे कुणी मेडिकल टाकलं, कुणी औषध कंपनीचा एमआर झाला, एक आता जागेचे व्यवहार करतो आणि माझ्या तिप्पट कमावतो.

सरकारी सिस्टर
हे मात्र खरं. आमच्याकडेही इन्चार्ज करताना पुरुषाचा विचार आधी कुणी करत नाही, ते मी बघितलंय. लेबर आणि स्त्रियांचे वॉर्ड सोडून बाकी ठिकाणी मार्कांवर घ्यावं, एवढं मी मान्य करते. बार्शीकर, तुझ्या बोलण्यामुळे नाही, ब्रदरनं सांगितलेल्या त्या आजीमुळे.

बार्शीकर
कशामुळे का असेना.

वीस खाटांचा डॉक्टर
आयसीयूच्या दोघांना वीस हजार करता येतील का ते या महिन्यात बघतो. सर्टिफिकेटं परत देईन, पण महिन्याची नोटीस लेखी घेणार. बाकीच्यांचं आत्ता जमणार नाही, खोटं कशाला बोलू.

विडी घरकुलचा बाप
डॉक्टरसाहेब, तुमच्याकडं आयसीयूला जागा हाय का? पोराला विचारून सांगतो. कागद मात्र आमच्याकडंच ऱ्हातील.