ड्रॉइंग फंक्शन्सचं डॉक्युमेंटेशन: काय लिहायचं आणि किती?

रात्रपाळी_कोडर:
आमच्याकडे क्यूटी या सी++ टूलकिटच्या क्यूपेंटरवर (चित्र काढणाऱ्या क्लासवर) बेतलेली एक छोटी इन-हाउस लायब्ररी आहे, टूडी ड्रॉइंगची, रेषा चौकोन आर्क (वर्तुळाचा तुकडा) टेक्स्ट वगैरे, आणि तिचं डॉक्युमेंटेशन आता माझ्या गळ्यात पडलंय. आधीचं आहे ते असं: "ड्रॉरेक्ट: रेक्ट ड्रॉ करतं. विड्थ: रेक्टची विड्थ." आता याचा कोणाला काय उपयोग? नवीन पोरं येऊन तेच तेच विचारतात. दर फंक्शनला पानभर लिहू की उदाहरणाचा कोड टाकून मोकळा होऊ?

पिक्सेल_काका:
पानभर नको रे. नावावरून कळतं ते लिहूच नको, माणूस हमखास जिथे अडकतो तेवढंच लिही. तुझं ड्रॉरेक्टच घे, ५० रुंद ३० उंच चौकोन १ पिक्सेल जाडीच्या पेनने काढला की पडद्यावर ५१ बाय ३१ भरतो, कारण पेनची जाडी त्यात मिळते, आणि फिलरेक्ट (नुसता रंग भरणारं) तेच आकडे घेऊन बरोब्बर ५० बाय ३० देतं. एवढं एक वाक्य नसेल तर पोरं कुठेकुठे मायनस वन करत बसतात. त्यात क्यूरेक्टचं (क्यूटीतल्या चौकोनाच्या क्लासचं) राइट, म्हणजे उजवी कड, म्हणजे लेफ्ट अधिक विड्थ उणे १, जुन्या काळापासून तसंच चालत आलंय.

डीबग_सातारकर:
आर्क विसरू नका!! ड्रॉआर्कला कोन डिग्रीच्या १/१६ भागात द्यावा लागतो. ९० दिलं की जेमतेम साडेपाच अंशांचा तुकडा दिसतो, काटकोनाला १४४० लागतात, आख्ख्या वर्तुळाला ५७६०. शून्य घड्याळातल्या ३ च्या जागी, प्लस कोन काट्यांच्या उलट. कैरो या दुसऱ्या ड्रॉइंग लायब्ररीवरून आलेल्याचं तर डोकंच फिरतं, तिथे रेडियन आणि दिशाही विरुद्ध. मी म्हणतो लिहिण्यापेक्षा रॅपरमध्येच (क्यूपेंटरवरच्या तुमच्या फंक्शनमध्येच) डिग्री घ्या ना, भानगडच मिटली.

पिक्सेल_काका:
आणि जुने कॉल कोण बदलणार, तू? सगळे १६ ने गुणून बसलेत. हवं तर वेगळ्या नावाचं फंक्शन काढा.

तिखट_मीठ:
टेक्स्टचं पण टाका. ड्रॉटेक्स्टला नुसता पॉइंट दिला तर वाय म्हणजे बेसलाइन (अक्षरं जिच्यावर टेकतात ती रेषा) असते, अक्षरांचा माथा नाही. (०,०) वर "कुत्रा" लिहून बघा, खालच्या उकाराचं टोक तेवढं दिसेल, बाकी सगळं विंडोच्या वर. एक चित्र टाकलं की काम भागतं, पण ते बिल्डमध्येच (कोडपासून प्रोग्राम तयार होतो तेव्हाच) उदाहरणाच्या कोडमधून काढा, हाताने चिकटवलेले स्क्रीनशॉट पुढच्या रिलीजला खोटे पडतात. अँटिअलायझिंग (कडा गुळगुळीत दाखवणं) चालू की बंद तेही लिहा. आणि मुख्य म्हणजे फंक्शन आत पेन किंवा ट्रान्सफॉर्म (चित्र सरकवणं-फिरवणं) बदलत असेल तर सेव्ह-रिस्टोर करतं का, म्हणजे आधीची सेटिंग जपून शेवटी परत आणतं का, हे कोणी म्हणजे कोणी लिहीत नाही.

रात्रपाळी_कोडर:
हे शेवटचं वाचून कोड उघडला तर आमचं ड्रॉग्रिड पेन डॉटेड करतं आणि तसंच सोडून देतं 😅 हे डॉक्युमेंट करू की बग म्हणून नोंदवू?

पिक्सेल_काका:
बग.