सातवीच्या वर्गात माइंडफुलनेस कसं घ्यावं? सल्ला हवा आहे

खडूफळा:
मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला वर्ग ताळ्यावर यायला दहा मिनिटं जातात, म्हणून माइंडफुलनेस, म्हणजे या क्षणी जे जाणवतंय त्याकडे शांतपणे लक्ष द्यायचा सराव, सुरू केला. पण ‘डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या’ म्हटलं की मागच्या बाकांवर खुसखुस सुरू होते. एक मुलगी तर डोळे मिटतच नाही, बाकाची कड घट्ट धरून बसते. पाच मिनिटं संपता संपत नाहीत. काय बदलू?

शांतवेळ:
आधी डोळे मिटायची सक्ती काढा, ताई. काही मुलांना डोळे मिटले की भीती वाटते, नको ते आठवतं. नजर बाकावर खिळवली तरी पुरे. तिला वर्गात कारण विचारू नका. आणि श्वासाआधी आवाज घ्या. मी लहानशी घंटा एकदाच वाजवते. नाद पूर्ण विरला असं ज्याला वाटेल त्याने हात वर करायचा. हात एकेक करत वर येतात, शेवटचे दोघं-तिघं कान टवकारून थांबलेले असतात. अर्धा मिनिटही लागत नाही. रोज एवढंच करा, पण चुकवू नका. दंगा केला म्हणून शिक्षेसारखं मात्र कधीच नको, मुलांच्या मनातून ते कायमचं उतरतं.

पाटीपेन्सिल:
अपेक्षा बेताची ठेवा. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या ८,०००हून जास्त मुलांवर शाळेतल्या माइंडफुलनेसचा अभ्यास झाला, २०२२ मध्ये निष्कर्ष आले. नेहमीच्या सामाजिक-भावनिक शिक्षणापेक्षा (भावना ओळखणं, इतरांशी जुळवून घेणं) मुलांच्या मानसिक आरोग्याला जास्त फायदा दिसला नाही. बहुतेकांनी घरी सरावच केला नव्हता. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केलेला माइंडफुलनेसचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम मोठ्या माणसांसाठी होता, त्यात रोजचा घरचा सराव धरलेला. वर्गातली मुलं स्वतःहून आलेली नसतात. ज्याला नको असेल त्याला गुपचूप चित्र काढू द्या. आणि आधी महिनाभर तुम्ही स्वतः करा. मुलांना आपल्या आवाजावरून लगेच कळतं.

खडूफळा:
घंटेचं उद्याच करते. परीक्षेआधी श्वासाचं घेतलं तर चालेल का?

शांतवेळ:
चालेल. घेताना मनात ३ पर्यंत मोजायचं, सोडताना ५ पर्यंत. सोडणं लांबलं की हृदयाचे ठोके मंदावतात. कुणाला गुदमरल्यासारखं झालं तर मोजणं थांबवून तळपाय जमिनीला टेकलेले जाणवतात का, तेवढंच बघायला सांगा. फक्त परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा नको, काही आठवडे आधीपासून सवय लावा.