पास्तिएरा फुगली, मग मधोमध बसली, तळ ओला राहिला. यंदा काय बदलू?

शेवग्याची_शेंग

मंडळी, ईस्टर ५ एप्रिलला आहे आणि मला आत्तापासून धडकी भरलीय. दोन वर्षांपूर्वी आम्ही नेपल्सला आलो, वोमेरोत राहतो. गेल्या वर्षी हौसेने पास्तिएरा केली, म्हणजे इथला ईस्टरचा गव्हा-रिकोत्ताच्या सारणाचा गोड पाय. चार कृती वाचल्या आणि चारींतलं थोडं थोडं घेतलं, तिथेच चुकलं असावं.

ओव्हनमध्ये ती घुमटासारखी फुगली, वरच्या पिठाच्या पट्ट्या तुटल्या. बाहेर काढल्यावर वीस मिनिटांत मधोमध खड्डा. कापली तर सारण ओलं आणि खालचं आवरण चिकट. त्यात संत्र्याच्या फुलांच्या अर्काच्या तीन फियालेत्ता, म्हणजे त्या इवल्या काचेच्या कुप्या, मी पूर्ण रिकाम्या केल्या होत्या. समोरच्या सिन्योरांना, म्हणजे शेजारच्या बाईंना, तुकडा नेऊन दिला. त्यांनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, "वास छान येतोय." बास. चवीबद्दल चकार शब्द नाही. आपल्याला कळतं हो.

मी केलं ते असं: सुपरमार्केटमधला गायीच्या दुधाचा रिकोत्ता (मऊ, ओलसर चीज), डब्यातून काढून थेट पातेल्यात. शिजवलेल्या गव्हाची, ग्रानो कोत्तोची, ५८० ग्रॅमची बरणी अख्खी. अंडी आणि साखर बीटरने दहा मिनिटं, पार पांढरी होईपर्यंत. ओव्हन २०० अंशांवर, पाऊण तास.

शिवाय यंदा सासूबाई असणार आहेत. अंडं त्यांना चालतं, पण स्त्रुत्तो, म्हणजे डुकराची चरबी, अजिबात नाही. ती न घालता आवरण जमेल का? बरणीऐवजी कोरडा गहू भिजवावा का? आणि वर सातच पट्ट्या हव्यात हे खरं का?

वेसुव्हिओखालची

अगं, सगळी उत्तरं तूच लिहिली आहेस, फक्त प्रश्न म्हणून लिहिली आहेस.

मी तोर्रे देल ग्रेकोत १९ वर्षं आहे. नवरा इथलाच. त्याची आई ८१ वर्षांची आहे आणि अजून दर वर्षी ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी नऊ पास्तिएरा करते, एक घरात आणि आठ वाटायला. पहिली तीन वर्षं मला फक्त गहू ढवळायला दिला. तेव्हा राग यायचा, पण ढवळता ढवळता बघून घेतलं.

आधी रिकोत्ता. मेंढीच्या दुधाचा घे, चीजवाल्याकडून, फुशेल्लात मिळतो तो, म्हणजे भोकाभोकांच्या बुट्टीतला. घरी आणलास की चाळणीत उलटा कर, खाली वाडगं ठेव आणि रात्रभर फ्रिजमध्ये. चक्क्यासारखा फडक्यात टांगून पिळू नकोस, तेवढा कोरडा नको. सकाळी वाडग्यातलं पाणी बघ. गेल्या वर्षी तुझ्या तळाला काय साचलं होतं ते तुझं तुलाच दिसेल. मग त्यात साखर मिसळून चार-पाच तास ठेव आणि बारीक चाळणीतून गाळ. हे गाळणं कंटाळवाणं आहे आणि टाळता येत नाही.

गहू. बरणीतला गहू शिजलेला असतो हे खरं, पण तो नुसता शिजलेला असतो. त्याला दुधात, थोड्या लोण्यात आणि संत्र्या-लिंबाच्या सालीच्या लांब पट्ट्यांबरोबर मंद आचेवर अर्धा तास ढवळायचं. दूध आटून दाट, खिरीसारखं झालं पाहिजे. साली काढून टाक आणि पूर्ण गार होऊ दे. गरम गव्हात रिकोत्ता गेला की सारण सैल झालंच म्हणून समज. आमच्याकडे गहू बुधवारी रात्री होतो, बाकी सगळं गुरुवारी.

आता अंडी. बीटर कपाटात ठेव. पास्तिएरा केक नव्हे. तू दहा मिनिटं हवा भरलीस, ती २०० अंशांवर फुगली आणि बाहेर आल्यावर गेली. काट्याने पांढरं-पिवळं एकजीव होईल इतकंच फेट. ओव्हन १६० ते १६५, वेळ दीड तास, माझ्या ओव्हनला पावणेदोन. वरचा रंग गडद, कडक चहासारखा आला पाहिजे. मग ओव्हन बंद करून दारात लाकडी चमचा अडकवायचा आणि तिला आतच थंड होऊ द्यायचं. थोडी फुगेल, मग सरळ बसेल. खड्डा नाही.

माझं माप २८ सेंटीमीटरच्या रुओतोचं (म्हणजे उतरत्या कडांचा तो गोल पत्र्याचा डबा): रिकोत्ता ५०० ग्रॅम, साखर ४००, बरणीतला गहू ३५०, दूध २००, लोणी ३०, अख्खी अंडी ४ आणि वर २ पिवळे बलक. पाकवलेलं संत्रं आणि चेद्रो (महाळुंग) मिळून मूठभर, दालचिनी चिमूटभर. बरणी अख्खी घालायची नसते गं, ती मोठ्या घराण्याच्या मापाची असते.

फियालेत्तात असतो तो अर्क. बाटलीत मिळतं ते संत्रफुलांचं पाणी, ते एक मोठा चमचा चालतं. अर्क चार-पाच थेंब. तीन कुप्यांनी तू सिन्योरांना अत्तर खायला घातलंस!

स्त्रुत्तोबद्दल सासूबाईंना निर्धास्त राहू दे. आवरणाला, म्हणजे फ्रोल्लाला, लोणी खुशाल वापर: मैदा ५००, साखर २००, थंड लोणी २००, अंडी ३, लिंबाची किसलेली साल. स्त्रुत्तोने (इथे त्याला सुन्या म्हणतात) आवरण जास्त खुसखुशीत होतं हे खरं, पण लोण्याची पास्तिएरा इथेही घरोघरी होते. मात्र त्याच उत्साहात लोण्यातला कासातिएल्लो, म्हणजे ईस्टरचा खारा पाव, करायला जाऊ नकोस. त्या पावाची सगळी गंमत स्त्रुत्तो, मिरी आणि सलामीत आहे. तो बेकरीतून आण आणि नवऱ्याला वेगळा वाढ.

सात पट्ट्या: जुन्या नेआपोलिसचे, म्हणजे प्राचीन नेपल्सचे, तीन देकुमानी (पूर्व-पश्चिम रस्ते) आणि त्यांना छेदणारे चार कार्दिनी (उत्तर-दक्षिण रस्ते), म्हणून सात, असं सांगतात. गोष्ट सुंदर आहे. पण जुन्या शहराचा नकाशा उघडून कार्दिनी मोज, चारावर थांबत नाहीत. माझ्या सासूला विचारलं तर म्हणाली, "पीठ उरेल तेवढ्या." पट्ट्या पातळ लाट, जाड झाल्या की बुडतात.

आणि गुरुवारी केलेली रविवारपर्यंत कापायची नाही. पहिल्या दिवशी गहू वेगळा, रिकोत्ता वेगळा, संत्रं वेगळं लागतं. तिसऱ्या दिवशी ते एकमेकांशी बोलायला लागतात. आमच्याकडे ती थंड खोलीत फडक्याखाली असते आणि सासूची खुर्ची दाराशी.

पालेर्मोकर

कोरड्या गव्हाबद्दल मी सांगतो, कारण आमच्याकडे बरणी घेतली तर लोक नावं ठेवतात. १३ डिसेंबरला, सांता लुचीआच्या दिवशी, पालेर्मोत कुच्चीआ, म्हणजे उकडलेल्या गव्हाचा गोड पदार्थ, करतात. १६४६ च्या दुष्काळात बंदरात गव्हाचं जहाज आलं आणि भुकेल्या लोकांनी दळायचीही वाट न बघता गहू तसाच उकडून खाल्ला, अशी आख्यायिका आहे. सिराकुझावाले हीच गोष्ट आपली म्हणून सांगतात, त्यात पडू नका. त्या दिवशी पाव आणि पास्ता वर्ज्य. मग दिवसभर आरान्चीने, म्हणजे तळलेले भाताचे गोळे, खायच्या. (कातानियात आरान्चीनो, पुल्लिंगी. यावरून इथे मैत्री तुटते.)

गहू तीन दिवस भिजवायचा, पाणी रोज बदलायचं. मग अगदी मंद आचेवर तीन-साडेतीन तास, दाणा फुटेपर्यंत, आणि त्याच पाण्यात गार करायचा. मी कुकरला ४० मिनिटं लावतो. घरमालकीणबाईंना हे माहीत नाही. त्यांच्या समोर मी पातेलं ठेवतो आणि वाफ दाखवतो.

पण ताई, पहिल्या यशस्वी पास्तिएरापर्यंत बरणीच घ्या. एका वेळी एकच लढाई.

दुधावरची_साय

थोडा विरोध नोंदवते. सालेर्नोत मी तीन मिठाईच्या दुकानांत खाल्ली. सारणात कस्टर्ड, म्हणजे क्रेमा पास्तिच्चेरा, असतं आणि अर्धा गहू वाटलेला. कापताना काप मऊसूत निघतो. नवशिकीला तेच सोपं नाही का?

वेसुव्हिओखालची

सोपं आहे आणि वाईटही नाही. पण कस्टर्ड म्हणजे पुन्हा ओलावा, आणि हिचं दुखणंच ओलाव्याचं आहे. गहू वाटण्याबद्दल घराघरात भांडण आहे. आमची बाजू: दाणा दाताखाली आला पाहिजे. मिठाईवाल्याला काप विकायचे असतात, त्याला सुबक काप हवा. मला नको.

फोज्जाचा_पाहुणा

विषय गव्हाचा निघालाच आहे तर, फोज्जात २ नोव्हेंबरला 'मृतांचा गहू' करतात. उकडलेला गहू, डाळिंबाचे दाणे, अक्रोड, चॉकलेटचे तुकडे आणि वरून विन्कोत्तो, म्हणजे आटवून काळा केलेला द्राक्षांचा रस. ओव्हन नाही, अंडं नाही, स्त्रुत्तो नाही. सासूबाई नोव्हेंबरपर्यंत थांबल्या तर हे करून बघा. आमच्या कार्यालयात पहिल्यांदा वाडगा पुढे आला तेव्हा मी विचारलं, कोणाच्या घरचं? उत्तर आलं, "सगळ्यांच्या." प्रत्येकाने आपापला आणला होता, सहा वाडगे, आणि सहाही जणांना बाकीचे पाच चुकीचे वाटत होते.

शेवग्याची_शेंग

सगळ्यांचे आभार. काल सराव म्हणून निम्म्या मापाची केली, २० सेंटीमीटरच्या डब्यात. रिकोत्ता चाळणीत ठेवला होता. सकाळी वाडग्यात जवळजवळ अर्धी वाटी पाणी! अंडी काट्याने, १६० अंशांवर सव्वा तास, दारात चमचा. फुगली, बसली, सरळ राहिली. पट्ट्या पाच, कारण पीठ तेवढंच उरलं.

कापायची घाई केली, दुसऱ्याच दिवशी. तळ कोरडा. समोरच्या सिन्योरांकडे नेली. त्यांनी उभ्या उभ्या खाल्ली आणि म्हणाल्या की दालचिनी जास्त झालीय, गहू अजून दहा मिनिटं ढवळायला हवा होता, आणि फ्रोल्लात लोणी घातलंय ते त्यांना लगेच कळलं. मग खुर्ची ओढली आणि दुसरा तुकडा मागितला.