पित्ताशयाचा कॅन्सर 'लवकर सापडला' म्हणजे नेमका कुठवर?

प्रश्न (नाशिक रोड): पित्तखड्यांसाठी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, बायोप्सीत अचानक कॅन्सर निघाला. रिपोर्टवर 'टी१बी' आहे. वडील ६१ वर्षांचे आहेत. पुन्हा ऑपरेशन लागेल का?

प्रतिसाद १: कॅन्सर पित्ताशयाच्या भिंतीत किती खोल गेलाय, यावर सगळं ठरतं; 'टी' पुढचा आकडा-अक्षर तेच सांगतं. टी१ए आतल्या अस्तरापुरता असतो. कापलेल्या कडांवर कॅन्सर नसेल तर झालेलं ऑपरेशन पुरतं आणि बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. टी१बी स्नायूच्या थरात शिरलेला असतो, लसिकाग्रंथींत गेलेला असू शकतो. म्हणून प्रकृती ठीक असेल तर पित्ताशयालगतचा यकृताचा सुमारे २ सेंमी भाग आणि किमान ६ ग्रंथी काढतात.

प्रतिसाद २: त्याआधी नाशिकच्या लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला पित्ताशयाचा तुकडा), दोन्ही घ्या आणि कॅन्सरच्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा तपासून घ्या. हे टाळू नकाच! तपासायला काप कमी घेतले असतील तर टी२सुद्धा (स्नायूच्या थरापलीकडे गेलेला) टी१ वाटतो. पित्ताशयाच्या नळीच्या (सिस्टिक डक्ट) कापलेल्या टोकाचा उल्लेख रिपोर्टमध्ये आहे का?

प्रतिसाद ३: ऑपरेशनच्या नोंदीत पित्त सांडल्याचं लिहिलंय का तेही बघा, कारण त्यातून पेशी पोटाच्या पडद्यावर रुजू शकतात. छाती-पोटाचा सीटी हवाच. दुर्बिणीच्या छिद्रांची जागा कापून काढण्याचा मात्र फायदा दिसलेला नाही.